दवंडी कुठेही द्या, दप्तर चावडीतच ठेवा

मा. जिल्हाधिकारी, नांदेड
आणि मा. जिल्हाधिकारी, लातूर
यांस,



३० सप्टेंबर ही तारीख लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९९३ साली गणेश विसर्जनानंतरच्या त्या पहाटे किल्लारी आणि आसपासचा मुलूख हादरला, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. बरोबर एकवीस वर्षांनी, ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगलने ऑर्कुट हे आपले समाजमाध्यम बंद केले. या दोन घटना एका तागडीत घालता येणार नाहीत आणि तसा माझा हेतूही नाही. तरी तारखांचा हा योगायोग विचारात पाडतो. किल्लारीची नोंद कागदावर झाली. पंचनामे, याद्या, नव्या गावठाणांचे नकाशे, घरवाटपाचे तक्ते, त्या दिवसांतले वर्तमानपत्रांचे अंक हे सगळे कुठल्या ना कुठल्या दप्तरात, ग्रंथालयात, कपाटात गेले. त्यातले काही कसरीने खाल्ले असेल, काही शोधायला महिने लागतील. पण एका कंपनीने एके दिवशी ठरवले म्हणून ते नाहीसे झालेले नाही. हाच भूकंप पंधरा वर्षांनी झाला असता, तर बेपत्ता माणसांचे फोटो, मदतीचे निरोप, कोणत्या गावात काय कमी पडते आहे याच्या नोंदी शहरांतल्या तरुणांनी ऑर्कुटवर टाकल्या असत्या. ऑर्कुट मिटल्यावर तिथल्या सार्वजनिक चर्चांचा संग्रह काही काळ वाचायला ठेवला होता. नंतर तोही काढून टाकला गेला. त्या याद्या मग कुठे शोधायच्या होत्या?

हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सरकारचा शब्द लोकांपर्यंत पोचतो तो बहुतांशी समाजमाध्यमांच्याच वाटेने. विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले, मांजरा धरणातून किती विसर्ग सुरू आहे, उद्या शाळांना सुट्टी आहे का, ई-पीक पाहणीची मुदत कधीपर्यंत वाढली, अतिवृष्टीच्या अनुदानासाठी केवायसी कुठे करायची, हे सगळे माणूस फेसबुकवर, एक्सवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये वाचतो. निरोप जलद जातो आणि फुकट जातो, ही मोठीच सोय आहे. माझे म्हणणे एवढेच की, निरोप देण्याची जागा आणि नोंद ठेवण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आपण नकळत त्या एक करून टाकल्या. समाजमाध्यमे कशी वाढतात आणि कशी पडतात हे नीट पाहिले, तर ही सरमिसळ किती महागात पडू शकते ते दिसते.

ती वाढतात कशी, हे समजायला आपल्याकडे माळेगावच्या यात्रेहून चांगले उदाहरण नाही. लोहा तालुक्यातल्या त्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे विकायला दूरदूरहून लोक येतात. विकणारा येतो कारण घेणारा येतो. घेणारा येतो कारण विकणारा येतो. तिथल्या मातीत वेगळे काही नाही, जमलेली माणसे हेच त्या जागेचे मोल. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघाले आणि २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा ते इतरांपेक्षा फार सरस होते म्हणून लोक तिथे गेले असे नाही. ओळखीचे चार जण तिथे होते, म्हणून पाचवा गेला. व्हॉट्सअ‍ॅपचेही तसेच. भाऊबंद, वर्गमित्र, बचतगट, सोसायटीचे सभासद सगळे ज्या अ‍ॅपवर आहेत ते अ‍ॅप एकट्याने सोडणे म्हणजे वाळीत पडण्यासारखे. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या अटींवरून मोठा गदारोळ झाला, लाखो लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतले, आणि काही आठवड्यांत बहुतेक जण पुन्हा जुन्याच ग्रुपमध्ये बोलू लागले, ते याच कारणाने. मात्र माळेगाव आणि फेसबुक यांत एक फरक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. माळेगावच्या यात्रेची व्यवस्था जिल्हा परिषद पाहते. ते मैदान कुणी विकत घेऊन तिथे कुंपण घालू शकत नाही. समाजमाध्यमाच्या मैदानाला मालक असतो.

आणि ज्या गणिताने माणसे जमतात, त्याच गणिताने ती उठून जातात. ज्यांच्यामुळे इतर येत होते असे थोडे लोक आधी निघतात, मग उरलेल्यांना थांबायचे कारण राहत नाही. फ्रेंडस्टर २००२ मध्ये सुरू झाले, गर्दी सोसेना म्हणून पाने उघडायला वेळ लागू लागला, लोक वैतागून दुसरीकडे गेले. २०११ मध्ये जुनी छायाचित्रे आणि लिखाण पुसून त्याचे खेळांचे संकेतस्थळ केले गेले. मायस्पेस २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकले गेले आणि सहाच वर्षांनी सुमारे साडेतीन कोटीला. पुढे २०१९ मध्ये त्या कंपनीने कबूल केले की, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी, फोटो आणि चित्रफिती गमावल्या गेल्या आहेत. गाण्यांचाच आकडा पाच कोटींच्या घरात होता. गूगल प्लस २०११ मध्ये आले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सामान्य लोकांसाठी बंद झाले. याहू ग्रुप्सवरचे वर्षानुवर्षांचे लिखाण त्याच सुमारास काढून टाकले गेले. यातले प्रत्येक नाव आपापल्या काळी एवढे मोठे होते की ते नसेल अशी कल्पना करणे अवघड होते.

ऑर्कुटचे तर आपल्या दाराशी घडले. ब्राझीलखालोखाल त्याचा सर्वाधिक वापर भारतात होत होता. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावरच्या एका भारतद्वेषी समुदायाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे नांदेड आणि लातूर ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतात त्याच खंडपीठाने, गूगलला नोटीस काढली होती. समाजमाध्यमावर काय चालते याची दखल उच्च न्यायालयाने घ्यावी एवढे वजन त्या नावाला आले होते. त्यानंतर आठच वर्षांत ते मिटले. त्यावर कुणी बंदी घातली नव्हती. लोक फेसबुककडे गेले आणि मालकाला ते चालवण्यात रस उरला नाही, बस.

तरीही ऑर्कुटच्या पडण्याची आठवण मराठवाड्याच्या खेड्यांत नाही, आणि याला कारण आहे. ऑर्कुटच्या दिवसांत इंटरनेट होते ते नांदेड-लातूर शहरांतल्या कॉलेजच्या मुलांपुरते, सायबर कॅफेतले, तासाच्या भाड्याचे. देगलूर, किनवट, निलंगा, अहमदपूर भागांतल्या गावांत ते खऱ्या अर्थाने पोचले २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर, स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन हाती पडल्यावर. या लोकांनी समाजमाध्यमे पाहिली ती भरभराटीच्या काळातलीच. त्यामुळे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांना रस्त्यासारखे, विजेच्या खांबासारखे कायमचे वाटतात. एकच अपवाद, आणि तो फार बोलका आहे. २०१८ नंतर टिकटॉकने खेड्यातल्या मुलामुलींना, शेतात काम करणाऱ्या बायकांना, लोककलावंतांना असा मंच दिला की, जिथे शहरी बोली आणि महागडा कॅमेरा यांची अट नव्हती. मराठवाडी बोली तिथे न लाजता बोलली गेली. २९ जून २०२० ला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि देशातल्या सुमारे वीस कोटी लोकांचे ते मैदान बंद झाले. ती बंदी योग्य होती की नाही हा या पत्राचा विषय नाही. सीमेवर जवानांचे रक्त सांडले होते आणि सरकारला तो निर्णय घ्यावासा वाटला. माझा मुद्दा एवढाच की, ज्यांनी आपला चाहता वर्ग, आपले व्हिडिओ, आपली ओळख तिथेच ठेवली होती, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी काही उरले नाही. जे आपले व्हिडिओ फोनमध्येही राखून होते, ते दुसरीकडे जाऊन पुन्हा उभे राहू शकले.

स्वदेशी माध्यम घेतले म्हणजे हा धोका टळतो, असेही नाही. २०२० मध्ये आलेले कू मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या काही खात्यांनी तिथे खाती उघडली, मंत्र्यांनी लोकांना तिथे येण्याचे आवाहन केले. जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. पैसा पुरला नाही. स्वदेशीच असलेले हाइक मेसेंजर त्याआधीच, २०२१ च्या जानेवारीत गेले होते.

आता आपल्या कार्यालयातून येऊ शकणारा पहिला आक्षेप. ही सगळी लहान किंवा फसलेली नावे झाली. फेसबुक आता पडण्याच्या पलीकडे गेले आहे, त्याने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेऊन आपले वारसदारच घरात आणून ठेवले आहेत. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. मेटा ही कंपनी पुढची वीस वर्षे टिकेलही. पण कंपनी टिकणे आणि आपली जागा टिकणे यांत अंतर आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत फेसबुकने आपल्या रोजच्या वापरकर्त्यांच्या संख्येत पहिल्यांदाच किंचित घट दाखवली आणि एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव २६ टक्के कोसळला. ती सावरली, कारण माणसे तिच्याच दुसऱ्या घरात, इन्स्टाग्रामवर, जात होती. कंपनीचे त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते ज्याने फेसबुकच्या पानावर दहा वर्षे सूचना टाकल्या त्या कार्यालयाचे, कारण वीस वर्षांची मुले आता ते पान उघडतच नाहीत. शिवाय कोणाला काय दाखवायचे हे कंपनीचे गणित ठरवते. पुराची सूचना आणि लग्नाची रील एकाच रांगेत उभ्या असतात, आणि रांग लावणारा आपल्या जिल्ह्याला उत्तर द्यायला बांधील नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले, आपल्याकडे रात्रीच्या वेळी. त्या रात्री गोदावरीला पूर असता तर विष्णुपुरीखालच्या वस्त्यांना निरोप कोणत्या वाटेने गेला असता, याचा विचार प्रशासनाने करायलाच हवा.

माध्यम बंद न पडताही पडू शकते, याचा सर्वांत ताजा धडा ट्विटरचा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ते ४४ अब्ज डॉलरला विकले गेले, पुढच्या जुलैत त्याचे नावही बदलून एक्स झाले. दरम्यान, ज्या दुव्यातून सार्वजनिक संस्थांच्या सूचना आपोआप तिथे जात होत्या, त्या दुव्यासाठी नव्या मालकाने पैसे मागायला सुरुवात केली. न्यूयॉर्कची शहर वाहतूक चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेने २०२३ च्या एप्रिलअखेर जाहीर केले की, गाड्यांच्या ताज्या सूचना यापुढे ट्विटरवर मिळणार नाहीत. काही दिवसांतच कंपनीने सरकारी सेवांना ती सोय पुन्हा फुकट दिली. पण त्या संस्थेजवळ स्वतःचे संकेतस्थळ आणि स्वतःचे अ‍ॅप होते, म्हणून प्रवासी अडले नाहीत आणि ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्या अंगात होती. त्याच वर्षी काही दिवस खाते नसलेल्या माणसाला ट्विटरवरचे काहीच वाचता येत नव्हते. आपल्याच जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वाचण्यासाठी नागरिकाने परदेशी कंपनीकडे नाव नोंदवावे, ही स्थिती लोकशाहीत शोभणारी नाही.

दुसरा आक्षेप याहून व्यवहारी आहे: लोक जिथे आहेत तिथे प्रशासनाने जायला नको का? जायलाच हवे, आणि जोमाने जायला हवे. आपल्या गावगाड्यात यासाठी दोन वेगळे शब्द होतेच. कोतवाल दवंडी देत असे ती वेशीत, बाजारात, वाड्यावस्त्यांवर, जिथे माणसे असतील तिथे. पण ज्या आदेशाची दवंडी, तो कागद चावडीत असे. दवंडी ऐकू आली नाही किंवा पटली नाही, तर माणूस चावडीवर जाऊन कागद पाहू शकत असे. समाजमाध्यम ही उत्तम दवंडी आहे. तिला चावडी समजण्यात घोटाळा आहे. मराठवाड्यातल्या छापील पत्रकारितेनेही हे तत्त्व जपले. आ. कृ. वाघमारे यांनी काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजामी राजवटीने बंदी आणली तेव्हा नाव बदलून अंक निघाले. संपादन आणि मजकूर वाघमारे यांच्याच हाती होते, म्हणून केवळ नावावरच्या बंदीने काम थांबले नाही.

तिसऱ्या आक्षेपात तर पुष्कळच तथ्य आहे. सरकारी संकेतस्थळे पाहतो कोण? आणि तीही कुठे टिकतात? नवी रचना आली की जुने दुवे मरतात. आदेश असतो तो स्कॅन केलेला, वाकडा, शोधता न येणारा. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधला, मोबाइलवर अक्षरांऐवजी चिन्हे दाखवणारा. म्हणून माझी मागणी ‘संकेतस्थळ असावे’ अशी नाही, ते दोन्ही जिल्ह्यांना आहेच. मागणी अशी आहे की, जी सूचना समाजमाध्यमावर जाईल ती आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर युनिकोड मराठीत, मजकुराच्या रूपात, तारीख-वेळेसह चढावी. तिचा पत्ता कधी बदलू नये. ती वाचायला खाते, लॉगिन, मोबाइल क्रमांक काहीही लागू नये. आणि फेसबुक, एक्स, व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या प्रत्येक निरोपात त्या पत्त्याचा दुवा असावा. संकटाच्या सूचना एसएमएसने आणि सेल ब्रॉडकास्टनेही जाव्यात. सेल ब्रॉडकास्टच्या चाचणीचे संदेश २०२३ मध्ये आपल्या फोनवर वाजले होते. त्यासाठी कोणाला अ‍ॅप लागले नाही, साधा संदेश आला. आणि दर महिन्याला या सर्व सूचनांची एक प्रत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा व्हावी. त्या विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे. असे काम शिकणारी मुले तिथेच आहेत. याला नवी इमारत लागत नाही, मोठे कंत्राट लागत नाही. रोज अर्धा तास देणारा एक जबाबदार माणूस लागतो.

हे उपकार म्हणून मागत नाही, हेही नम्रपणे सांगतो. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत आणि माहिती आपण होऊन, स्थानिक भाषेचा विचार करून, लोकांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावी असे सांगते. १९९३ चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकावर तयार झालेल्या मजकुरालाही अभिलेख मानतो, आणि महाराष्ट्राचाही स्वतःचा असा कायदा आहे. हे वाचल्यावर मला तरी वाटते की, धरणाच्या विसर्गाची सूचना, मग ती कुठेही टाकलेली असो, सरकारी दप्तराचाच भाग आहे आणि तिची राखण हे कर्तव्य आहे.

एक गोष्ट आपल्या अधिकाराबाहेरची आहे, तरी तिचा उल्लेख करतो, कारण जिल्ह्यांचा आवाज वर पोचतो. २०११ पासून आपण मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवू शकतो. २०१६ पासून यूपीआयमुळे एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवाल्याला पैसे जातात. लातूरच्या आडतीवरचा व्यापारी आणि शेतकरी यांनी एकच अ‍ॅप घ्यावे अशी सक्ती नाही. समाजमाध्यमांत मात्र आपली माणसे आणि आपला मजकूर घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. युरोपने बड्या कंपन्यांना असे दरवाजे उघडायला कायद्याने भाग पाडायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात आपली माहिती सोबत नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. तो परत यावा. तोवर ज्याचे त्याने आपले दप्तर सांभाळणे एवढेच हाती आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत कोणत्या प्रभागात टँकर कधी येणार याचे निरोप फोनवरून फिरत होते. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही उद्या ते निरोप हवे असतील, आणि ते लोकांच्या जुन्या, बिघडलेल्या फोनांत गेले आहेत. ते परत आणता येणार नाहीत. पण २०२५ च्या पावसाळ्यातले निरोप अजून हातातून गेलेले नाहीत. त्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळसारख्या गावांत पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले. सप्टेंबरात दोन्ही जिल्ह्यांत शेते खरवडून गेली. त्या दोन महिन्यांत शासकीय पानांवरून आणि ग्रुपांतून गेलेल्या सूचना अजून उतरवून घेता येतात. सुरुवात तिथून करावी. तलाठी, ग्रामसेवक यांच्या ग्रुपांमधले निरोपही गोळा करावेत, त्यातले खासगी नंबर आणि नावे काढून टाकावीत, आणि विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस जो मराठवाडा मुक्तिसंग्रामाचाही दिवस आहे, त्या १७ सप्टेंबरला पहिली प्रत ग्रंथालयात द्यावी. प्रत्येक नोंदीवर गावाचे नाव, तारीख-वेळ आणि विसर्गाचा आकडा मराठी अक्षरांत असावा, चित्रात नव्हे.

आपला नम्र,
एक नागरिक